सही कंपनीचीच असते: एच-वनची कागदपत्रे सांभाळणाऱ्या एका सेवेचा तीन वर्षांचा अनुभव

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमची एक लहान सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि तिथले मनुष्यबळाचे व प्रशासनाचे काम मी पाहते. कंपनीत कधी पंचवीस, कधी तीस माणसे असतात. त्यांतील नऊ जण एच-वन-बी व्हिसावर आहेत. त्यांचे अर्ज तयार करणे, ते वेळेवर दाखल करणे आणि मंजुरीनंतरही सगळे काही नियमाप्रमाणे चालले आहे याची काळजी घेणे, यासाठी जानेवारी २०२३पासून आम्ही एक सेवा वापरतो. वकिलांचे एक कार्यालय आणि त्या कार्यालयाने चालवलेली संगणकप्रणाली, असे तिचे स्वरूप आहे. तिचे नाव मी देत नाही, कारण पुढे मी तिचे काही दोष सांगणार आहे आणि निवड करताना ज्या इतर चार ठिकाणी मी चौकशी केली तिथेही त्यांतले बरेचसे दोष मला दिसले होते. अमेरिकेत लहान कंपनी चालवणाऱ्या मराठी माणसाला अशी सेवा घेताना काय विचारावे हे कळावे, आणि जे स्वतः एच-वनवर आहेत त्यांना आपल्या कंपनीकडून काय मागण्याचा हक्क आहे हे ठाऊक असावे, म्हणून हे लिहिते आहे.

या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. २००८ साली मी स्वतः एच-वनवर टेस्टर म्हणून या देशात आले. ज्या कन्सल्टन्सीने मला आणले तिने पहिला प्रकल्प मिळेपर्यंत अडीच महिने मला बिनपगारी बेंचवर ठेवले, आणि नंतर अर्जाचा खर्च पहिल्या चार पगारांतून कापून घेतला. काम नसले तरी कंपनीने ठरलेले वेतन द्यावेच लागते, आणि अर्जाची फी व त्यासाठीच्या वकिलाचा खर्च हा कंपनीचा धंद्याचा खर्च असून तो कामगाराच्या माथी मारता येत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तोवर दाद मागण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. म्हणून २०२२च्या अखेरीस सेवा निवडताना मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: या खर्चातला काही भाग उमेदवाराकडून घेता येईल का? एका ठिकाणी "तशी व्यवस्था करता येते" असे उत्तर मिळाले. दोन ठिकाणी विषय टाळला गेला. आम्ही जिची निवड केली त्या सेवेच्या वकीलबाईंनी मात्र "नाही" असे एका शब्दात सांगितले आणि लगेच मलाच विचारले, "तुमच्या कंपनीने आजवर कोणाकडून असे पैसे घेतले आहेत का? घेतले असतील तर आधी ते परत करायला हवेत." त्या प्रश्नावरच माझी निवड झाली, आणि तीन वर्षांनंतरही ती चुकली असे मला वाटत नाही.

एच-वनचे काम म्हणजे अर्ज भरणे आणि मंजुरीची वाट पाहणे, असा बहुतेकांचा समज असतो. आमच्या कंपनीचाही होता. प्रत्यक्षात अर्ज हा सोपा भाग आहे. अर्जाआधी कामगार खात्याकडून 'एलसीए', म्हणजे वेतन व कामाच्या अटींविषयीचा कंपनीचा वचननामा, मंजूर करून घ्यावा लागतो. खाते तो सात कामकाजाच्या दिवसांत मंजूर करते, कारण त्या टप्प्यावर ते जवळजवळ काहीच तपासत नाही. तिथे कंपनीचे शब्द मानले जातात. त्या भागात, त्या कामासाठी जे प्रचलित वेतन आहे आणि आमच्याकडे तसेच काम करणाऱ्या इतरांना जे वेतन मिळते, त्यांतले जे जास्त असेल ते आम्ही देऊ; इतर कामगारांच्या परिस्थितीवर या नेमणुकीचा वाईट परिणाम होणार नाही; त्या जागी संप किंवा टाळेबंदी चालू नाही; आणि या नेमणुकीची सूचना आम्ही कामाच्या ठिकाणी लावली आहे, अशी चार वचने कंपनी सहीनिशी देते. ती पाळली की नाही हे पाहायला कोणी आलेच तर ते नंतर येते, कधी कधी वर्षांनंतर. वकील बदलता येतो, प्रणाली बदलता येते, पण त्या कागदावरची सही कंपनीचीच राहते. अशी सेवा विकत घेताना आपण ती सही पुढची अनेक वर्षे खरी ठेवायला मदत विकत घेत असतो, आणि माझ्या मते सेवेची किंमत करायची तर याच मापाने करावी.

या मापाने पाहिले तर आमच्या सेवेची सर्वांत मोलाची गोष्ट अगदी साधी आहे: ती प्रश्न विचारते. दर तीन महिन्यांनी प्रत्येक एच-वनधारकाला आणि त्याच्या वरिष्ठाला वेगवेगळे चार प्रश्न जातात. तुम्ही आज कुठे राहता, काम कुठून करता, कामाचे स्वरूप बदलले आहे का, पगार किंवा कामाचे तास बदलले आहेत का. दोघांच्या उत्तरांत फरक पडला तर मला फोन येतो. हे प्रश्न आम्हाला आधी कोणी विचारले असते तर २०२२ सालची आमची चूक झाली नसती. तेव्हा आमचा एक सहकारी बायकोच्या नोकरीसाठी नॉर्थ कॅरोलायनातील कॅरीला राहायला गेला आणि घरून काम करू लागला. राज्याचा कर बदलतो म्हणून त्याने पगाराच्या विभागाला नवा पत्ता कळवला आणि आपले काम झाले असे समजला. पगाराच्या विभागालाही त्यात काही वावगे वाटले नाही. पण कामाची जागा महानगर क्षेत्राबाहेर गेली, की आधीचा एलसीए तिथे चालत नाही आणि सुधारित अर्ज करावा लागतो. २०१५च्या 'सिमिओ सोल्युशन्स' प्रकरणातील निर्णयाने ही गोष्ट पक्की केली आहे, आणि तो अर्ज जागा बदलण्याच्या आधी करायचा असतो. आम्हाला हे चार महिन्यांनी कळले, तेही इमिग्रेशन खात्याचे दोन अधिकारी न कळवता कार्यालयात आले आणि नेमके त्याच सहकाऱ्याला भेटायचे आहे म्हणाले तेव्हा. उशिरा अर्ज करून आणि चूक स्वतःहून कबूल करून आम्ही त्यातून निभावलो, पण ते सात-आठ आठवडे त्या कुटुंबाने कसे काढले ते मी जवळून पाहिले आहे. त्यांचा मुलगा तेव्हा पहिलीत होता. चूक आमच्या कार्यालयातल्या दोन टेबलांमधली होती आणि देश सोडावा लागण्याची भीती त्यांच्या वाट्याला आली.

जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या नियमांनी अशा भेटींचा अधिकार आणखी स्पष्ट केला आहे, आणि भेटीला सहकार्य न केल्यास अर्ज नाकारला किंवा रद्द केला जाऊ शकतो. आमच्या सेवेने त्यासाठी स्वागतकक्षात काम करणाऱ्या व्यक्तीपासून सर्वांसाठी एक तासाचे प्रशिक्षण ठेवले. ते मला आवडले, कारण पढवलेली उत्तरे त्यात नव्हती. खरे तेवढे सांगा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि ओळखपत्र पाहून नाव लिहून घ्या, एवढेच त्यात होते.

'पब्लिक अ‍ॅक्सेस फाइल' हा या सेवेचा दुसरा बळकट भाग आहे. एलसीए दाखल केल्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात ही फाइल तयार असावी लागते आणि कोणीही, अगदी रस्त्यावरून आलेल्या माणसानेही मागितली तरी ती दाखवावी लागते. त्या पदाला द्यायचे वेतन, ते वेतन आम्ही कसे ठरवले याचा खुलासा, प्रचलित वेतनाचा आधार, सूचना कुठे व कोणत्या तारखांना लावली याची नोंद आणि सवलतींचा गोषवारा तिच्यात असतो. सेवा घेण्याआधी आमच्याकडे अशा सहा फायली असायला हव्या होत्या. दोन होत्या, आणि त्यांतील एकीत वेतन कसे ठरवले याचा कागदच नव्हता. हा कागद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो लिहायला बसले की कंपनीला स्वतःचा पगाराचा न्याय तपासावा लागतो. आमच्याकडे तोच अनुभव आणि तेच काम असलेल्या दोन माणसांच्या पगारात अकरा हजार डॉलरांचा फरक निघाला, आणि कमी पगार मिळणारी व्यक्ती एच-वनवर होती. त्याचे समर्थन करणारे एकही वाक्य मला लिहिता आले नाही. वकीलबाईंनी मसुदा परत पाठवताना समासात "हा खुलासा होत नाही" एवढेच लिहिले होते. पगार वाढवला गेला आणि मागची थकबाकीही दिली गेली. प्रणालीत तयार मजकूर भरून घेणाऱ्या एखाद्या स्वस्त सेवेने तो फरक शब्दांखाली झाकून टाकला असता, असे मला आजही वाटते.

घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत सूचना लावण्याचा नियम सेवेने आमच्याकडून काटेकोरपणे पाळून घेतला. एलसीएची सूचना कामाच्या जागी, सहज दिसेल अशा दोन ठिकाणी, दहा दिवस लावायची असते. कामाची जागा घर असेल तर ती घरातच लावावी लागते. फ्रिजच्या दारावर आणि टेबलासमोरच्या भिंतीवर कागद लावून त्यावर तारखा लिहून पाठवा, असे आम्ही लोकांना सांगतो तेव्हा काहींना ते निरर्थक वाटते. मला तसे वाटत नाही. आपल्या कामाचे कायदेशीर वेतन किती आहे आणि तक्रार कुठे करायची हे त्या कागदावर छापलेले असते. २००८ साली माझ्या घरात तो कागद कोणी लावला असता तर मी तो नक्की वाचला असता.

आता एक बारकावा, जो लहान कंपन्यांनी विशेष लक्षात ठेवावा. ज्या कंपनीत एच-वनधारकांचे प्रमाण जास्त असते ती 'एच-वन अवलंबित' ठरते आणि तिला एलसीएत जादा वचने द्यावी लागतात, म्हणजे अमेरिकी कामगार कमी केला नाही आणि आधी इथे माणूस शोधला, अशा स्वरूपाची. ही रेषा कंपनीच्या आकाराप्रमाणे सरकते. एक्कावन्न किंवा अधिक माणसे असतील तर १५ टक्के, सव्वीस ते पन्नास असतील तर तेरा एच-वनधारक, आणि पंचवीस किंवा कमी असतील तर फक्त आठ. मे २०२४मध्ये आमच्याकडे सत्तावीस माणसे होती आणि एच-वनवर तेव्हाही नऊच जण होते, म्हणजे आम्ही रेषेच्या पुष्कळ अलीकडे होतो. त्या महिन्यात दोन अमेरिकी सहकारी नोकरी सोडून गेले. एकही नवा एच-वनधारक न घेता आम्ही पंचवीसवर आलो आणि अवलंबित कंपनी झालो. माझ्या हे ध्यानीमनीही नव्हते. पगाराच्या यादीवरून दर महिन्याला संख्या मोजणाऱ्या प्रणालीने ते पकडले, आणि दुसऱ्या कंपनीतून आमच्याकडे येणाऱ्या एका अभियंतीसाठी तयार होत असलेला एलसीए वकीलबाईंनी थांबवून नव्याने केला. तिचा पगार साठ हजार डॉलरांच्या वर असल्याने ती जादा वचनांतून सूट असलेल्या गटात बसत होती, त्यामुळे व्यवहारात फार फरक पडला नाही. पण 'आम्ही अवलंबित नाही' अशा चौकटीत खूण करून सही केली असती तर ते खोटे विधान ठरले असते. याच पंचविसाच्या रेषेवर सरकारी फीही बदलते. एप्रिल २०२४पासूनच्या दरांप्रमाणे सव्वीस माणसांच्या कंपनीला एका नव्या अर्जासाठी ३,३८० डॉलर लागतात आणि पंचवीस माणसांच्या कंपनीला २,०१०. त्या महिन्यात आम्ही कमी फी भरली आणि जास्त जबाबदारी घेतली.

वेतनश्रेणीच्या बाबतीतही सेवेचे मत मला पटते. कामगार खात्याच्या चार श्रेणी असतात आणि दर वर्षी १ जुलैला त्यांचे आकडे बदलतात. नव्या एच-वनच्या जागा मर्यादित असल्याने दर वर्षी सोडतीने निवड होते. २०२६च्या निवडीपासून तिच्यात वरच्या श्रेणीला जास्त वजन देण्याचा नियम आला, तेव्हा आमच्या संचालकांनी सहज विचारले की श्रेणी एक पायरी वर दाखवली तर काय बिघडते. वकीलबाईंनी लेखी उत्तर दिले की श्रेणी कामाच्या जबाबदारीवरून आणि पगारावरून ठरते, निवडीच्या शक्यतेवरून नाही, आणि जे काम ती व्यक्ती करणार नाही ते वर्णनात लिहायला त्या तयार नाहीत. ग्राहकाला नाही म्हणणारी सेवा महाग वाटते, पण ती तशीच असायला हवी.

दोषांपैकी सर्वांत गंभीर दोष आय-नाइनच्या विभागात आहे, आणि तो मला फार खटकला. आय-नाइन हा या देशात काम करण्याचा हक्क तपासण्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याचा, नागरिकाचासुद्धा, नोकरी सुरू झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायचा अर्ज आहे. कोणते कागद दाखवायचे हे कर्मचारी ठरवतो. मंजूर यादीतले आणि वरवर खरे दिसणारे कागद कंपनीने स्वीकारायचे असतात. विशिष्ट कागदच आणा असे म्हणणे हा भेदभाव ठरू शकतो. आमच्या प्रणालीत मुदतीच्या आठवणी आपोआप जातात, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तिने आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मेल पाठवला, की तुमच्या ग्रीन कार्डाची मुदत संपत आहे, तीस दिवसांत नवे कार्ड दाखवा, नाहीतर तुमच्या नोकरीवर परिणाम होऊ शकतो. हे गृहस्थ तेवीस वर्षे या देशात आहेत. ज्याने नोकरीला लागताना ग्रीन कार्ड दाखवले त्याच्याकडून कार्डाची मुदत संपली म्हणून पुन्हा कागद मागता येत नाहीत, हा या क्षेत्रातला अगदी प्राथमिक नियम आहे. एच-वनधारकाची मुदत आणि ग्रीन कार्डावरची मुदत या दोन तारखा प्रणालीने एकाच रकान्यात ठेवल्या होत्या. मी त्यांच्याकडे जाऊन कंपनीच्या वतीने माफी मागितली, त्यांनी ती मोठ्या मनाने स्वीकारली, पण "इतक्या वर्षांनीही हा मेल मलाच का आला?" हा त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. मी तक्रार केल्यावर वकील विभागाने त्याच दिवशी चूक मान्य केली, मात्र प्रणालीत दुरुस्ती व्हायला सहा आठवडे लागले, आणि त्या काळात आठवणी बंद ठेवण्याची सोय नव्हती म्हणून मला रोज जाणारे मेल आधी वाचावे लागले. आय-नाइनमधल्या नुसत्या कागदी चुकांसाठी २०२५च्या दरांनी एका अर्जामागे २८८ ते २,८६१ डॉलर दंड होऊ शकतो. इन्फोसिसने २०१३ साली अमेरिकी सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलरांची तडजोड केली, त्या प्रकरणात व्हिसाच्या पद्धतशीर गैरवापराचा आरोप कंपनीने नाकारला होता, पण आय-नाइनमधल्या चुकांचा विषय त्यातही होताच. असे असताना वकिलाच्या नजरेखालून न जाता कर्मचाऱ्याला धमकीवजा मेल जाऊ देणारी प्रणाली विकणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

ग्रीन कार्डाच्या पहिल्या टप्प्याचे, म्हणजे 'पर्म'चे काम त्यांनी व्यवस्थित केले, पण तिथेही एक गोष्ट मला अडवावी लागली. पर्ममध्ये त्या जागेसाठी पात्र अमेरिकी कामगार मिळत नाही हे दाखवण्यासाठी रविवारच्या वृत्तपत्रात दोन जाहिराती, राज्याच्या रोजगार विभागाकडे तीस दिवस नोंद आणि आणखी तीन प्रकारे प्रसिद्धी करावी लागते, आणि हा सगळा खर्च कंपनीचा असतो. त्यांच्या तयार मजकुरात उमेदवारांनी अर्ज कागदावर, टपालाने पाठवावेत असे लिहिले होते. आमच्या इतर सर्व जागांसाठी आम्ही अर्ज संकेतस्थळावरून घेतो. फेसबुकने ऑक्टोबर २०२१मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची आणि अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२३मध्ये अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड न्याय विभागाशी केली, ती नेमक्या याच आरोपावर: पर्मच्या जागा नेहमीसारख्या जाहीर न करणे आणि टपालाने अर्ज मागणे. मी ते दाखवल्यावर मजकूर बदलला गेला. तो मुळात आमच्याकडे तसा यायलाच नको होता.

विद्यार्थी व्हिसावरून आलेल्या, स्टेम ओपीटीवर, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर मिळणाऱ्या कामाच्या मुदतीच्या परवानगीवर, काम करणाऱ्या मुलांसाठी या सेवेत वेगळा विभाग आहे. त्यांचा प्रशिक्षण आराखडा, बाराव्या महिन्याचे मूल्यमापन आणि नोकरी सुटल्यास पाच कामकाजाच्या दिवसांत महाविद्यालयाला कळवण्याची आठवण, एवढे तो नीट करतो.

सप्टेंबर २०२५च्या त्या शुक्रवारी मात्र ही सेवा तिच्या किमतीहून मोठी ठरली. १९ तारखेला नव्या एच-वन अर्जांवर एक लाख डॉलरांची रक्कम लावणाऱ्या जाहीरनाम्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि तो शनिवारच्या मध्यरात्री, रविवारची २१ तारीख लागताच, लागू होणार होता. आमचा एक सहकारी वडिलांच्या श्राद्धासाठी वाईला गेला होता. रविवारी सर्वपित्री अमावस्या होती. भारतात शनिवारची पहाट असताना त्याचा मला फोन आला. "ताई, निघू का? सगळे जण परत या म्हणून सांगताहेत." मी वकीलबाईंना निरोप ठेवला आणि रात्री साडेनऊला त्यांनी स्वतः फोन केला. त्यांचे बोलणे मला जवळजवळ शब्दशः आठवते. जाहीरनामा त्यांनी दोनदा वाचला होता. सध्याच्या व्हिसाधारकांना तो लागू नाही असे त्यात स्पष्ट लिहिलेले नव्हते, म्हणून लागू नाही अशी हमी त्या देऊ शकत नव्हत्या. परंतु घाबरून निघण्याआधी त्याला वेळेत पोचणे शक्य तरी आहे का ते बघा, असे त्या म्हणाल्या. वाईहून मुंबईचा विमानतळ पाच तास, तिथून न्यूअर्क थेट विमानाने सोळा तासांच्या आसपास, आणि भारतातल्या रविवार सकाळी साडेनऊच्या आत विमानतळाबाहेर पडायचे. शनिवारी दुपारी सुटणाऱ्या विमानात जागा मिळाली तरच हिशेब जेमतेम बसत होता, आणि जागा नव्हती. "मग त्याला तिथेच राहू द्या, आणि उद्या खुलासा येतो का ते मी पाहते," असे त्यांनी सांगितले. शनिवारी खुलासा आला की हे नव्या अर्जांपुरते आहे, आणि ज्यांच्याकडे वैध व्हिसा आहे त्यांच्या येण्याजाण्यावर परिणाम नाही. तो त्यांनी मला पाठवला तेव्हा भारतात रात्र झाली होती. सकाळी त्याने घाटावर जाऊन वडिलांचे श्राद्ध केले. त्याच शुक्रवारी कामगार खात्याने एच-वन देणाऱ्या कंपन्यांच्या चौकशीची 'प्रोजेक्ट फायरवॉल' ही मोहीम जाहीर केली होती, आणि सोमवारी सकाळी आमच्या सर्व फायलींची फेरतपासणी सुरू झालेली होती, आम्ही न सांगता.

डिसेंबरात मात्र असे झाले नाही. समाजमाध्यमांवरील खात्यांच्या तपासणीमुळे भारतातल्या व्हिसा मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि आमची एक सहकारी पुण्यात अडकली. तिला तिथून काम करू द्यावे का, पगार कोणत्या देशात द्यावा, कराचे काय, हे आमचे प्रश्न होते, आणि उत्तर म्हणून सर्व ग्राहकांना गेलेले एक सामान्य पत्रक मिळाले. भारतातला कर त्यांच्या कक्षेबाहेर आहे हे मला मान्य आहे. पण ते पहिल्या दिवशी स्पष्ट सांगून दुसरीकडे जा म्हणाले असते तर आमचे तीन आठवडे वाचले असते. पुण्यातल्या एका सनदी लेखापालाने अखेर तो प्रश्न सोडवला.

शेवटची बाब मला सर्वांत जवळची आहे. या प्रणालीत कंपनीला सगळे दिसते, आणि ज्याचे आयुष्य त्या फायलीवर अवलंबून आहे त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. अर्जाचा टप्पा आणि मंजुरीची तारीख, एवढेच. आपल्या नावे काय वर्णन लिहिले, कोणती श्रेणी दाखवली, हे पाहायचे तर त्याला माझ्याकडे मागावे लागते. एलसीएची प्रत कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत त्याला मिळालीच पाहिजे असा नियम आहे, आणि ती आम्ही देतो. पण अर्जाची पूर्ण प्रत देण्याची सोय प्रणालीत नाही. गेल्या वर्षी आम्हाला एका सहकाऱ्याला कमी करावे लागले. कंपनीच्या बाजूने सेवेने सगळे चोख केले: त्याला लेखी कळवले, इमिग्रेशन खात्याला कळवले, मायदेशी परतण्याचा खर्च देऊ केला, कारण यातले काही राहिले तर वेतनाची जबाबदारी संपत नाही. त्याच्याकडे मात्र नव्या कंपनीतर्फे अर्ज करायला जास्तीत जास्त साठ दिवस होते आणि नव्या कंपनीच्या वकिलाने मागितलेले कागद त्याच्यापाशी नव्हते. त्याच्या प्रवेशाचे अधिकार कामाच्या शेवटच्या दिवशी बंद झाले होते. मी स्वतः फायली उतरवून त्याला पाठवल्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी त्याचा नवा अर्ज दाखल झाला. माझ्याऐवजी दुसरे कोणी असते तर काय झाले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो. वकील या अर्जात बहुधा कंपनी आणि कामगार दोघांचेही प्रतिनिधित्व करतात. मग फाइल दोघांचीही असली पाहिजे.

खर्चाचे सांगायचे तर प्रणाली आणि देखरेख यांसाठी आम्ही वर्षाला ५,४०० डॉलर देतो आणि प्रत्येक अर्जाची वकिली फी वेगळी. चार-पाचच एच-वनधारक असलेल्या कंपनीने प्रणालीच्या भानगडीत न पडता एक चांगला वकील आणि शिस्तीने ठेवलेली एक तक्ता-वही घ्यावी, असे मी सुचवेन. आठ-दहाच्या पुढे, विशेषतः माणसे वेगवेगळ्या राज्यांतून काम करत असतील तर, ते तिमाही प्रश्न आणि मासिक मोजणी यांसाठी हे पैसे योग्य आहेत. करार करताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कर्मचाऱ्याला जाणारा प्रत्येक आपोआप मेल आधी थांबवता यावा, सेवा बदलली तर सर्व फायली पूर्ण स्वरूपात परत मिळाव्यात, आणि कोणता वकील आपले काम पाहणार त्याचे नाव करारात असावे.

जानेवारी २०२६मध्ये आम्ही एका वर्षासाठी नूतनीकरण केले. आय-नाइनचा विभाग काढून टाकला आणि ते काम मी पुन्हा हाताने करते. प्रत्येक एच-वनधारकाला त्याच्या अर्जाची पूर्ण प्रत मंजुरीनंतर दहा दिवसांत आणि नोकरी सुटल्यावरही नव्वद दिवसांपर्यंत मिळेल, असे कलम आम्ही करारात घालून घेतले. त्याला त्यांनी दोन महिने विरोध केला आणि मग मान्यता दिली. पहिल्या नऊ प्रती गेल्या आठवड्यात लोकांच्या हातात पडल्या आहेत, आणि त्यांतील दोघांनी आपल्या कामाच्या वर्णनातील चुका मला दाखवून दिल्या आहेत.